पट्टीला पट्टी: जीज बेंडच्या गोधड्या

या विकांताचा विषय आहे गोधडी. हो, गोधडीच. कोड नाही, प्रवासवर्णन नाही, शेअर बाजार तर नाहीच नाही. पण मंडळी, लगेच विंडो बंद करू नका. या गोष्टीत गुलामगिरी आहे, मतदानाचा हक्क आहे, न्यू यॉर्कचं म्युझियम आहे आणि कोर्टकचेरीही आहे.

झालं काय, आमच्या टीममधली एक अमेरिकन सहकारीण मला कॉलवर सांगत होती की ती सध्या 'इम्प्रोव्ह क्विल्टिंग' शिकतेय. म्हणजे कापडाच्या पट्ट्या घ्यायच्या, फूटपट्टी न लावता हाताला येतील तशा कापायच्या, एकीला एक जोडत जायचं आणि जो चौकोन तयार होईल तो होऊ द्यायचा. आधी नकाशा नाही, साचा नाही. बाई त्यासाठी ऑनलाइन क्लासचे रीतसर पैसे भरत होत्या! मला गंमत वाटली. ठरवून बेशिस्त शिवायला शिकायचं म्हणजे काय? म्हणून वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता अलाबामा नदीच्या एका वळणावर जाऊन पोचलो.

या वळणाचं नाव जीज बेंड. सरकारी कागदांत 'बॉयकिन'. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातल्या विलकॉक्स काउंटीतलं एक खेडं. नदी इथे एवढा मोठा फेरा घेते की गावाच्या तिन्ही बाजूंना पाणी. १८१६ मध्ये जोसेफ जी नावाचा जमीनदार नॉर्थ कॅरोलिनाहून इथे आला आणि त्याने गुलामांकरवी कापसाची लागवड सुरू केली. त्याचं नाव गावाला चिकटलं. पुढे १८४५ मध्ये ही सगळी मिळकत कर्जाच्या हिशेबात मार्क पेटवे नावाच्या नातेवाइकाकडे गेली. हा पेटवे वर्षभराने इकडे राहायला आला तेव्हा घरची मंडळी गाडीतून आली आणि शंभरेक गुलाम नॉर्थ कॅरोलिनापासून अलाबामापर्यंत पायी चालत आले. आजही गावातल्या कितीतरी लोकांचं आडनाव पेटवेच आहे. एकमेकांशी रक्ताचं नातं नसलं तरी. मालकाचं आडनाव, दुसरं काय. हे आडनाव पुढे म्युझियमच्या भिंतींवर लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली, पण जमीन मालकांचीच राहिली. लोक त्याच शेतात बटाईने कापूस पिकवू लागले. बी-बियाणं, अवजारं, वर्षभराचं धान्य सगळं उधारीवर आणि फेड कापसातून. आपल्याकडच्या सावकारीची गोष्ट ज्यांनी ऐकलीय त्यांना पुढचं सांगायला नको. १९३० च्या आसपास कापसाचा भाव कोसळला. गावाला उधार देणारा व्यापारी वारला आणि १९३२ मध्ये त्याच्या वारसांनी साठेक कुटुंबांकडून वसुली केली. वसुली म्हणजे गुरं, नांगर, गाड्या, कोंबड्या, घरात साठवलेलं मका-रताळं, सगळं उचलून नेलं. तो हिवाळा गावाने रेड क्रॉसच्या धान्यावर काढला.

१९३७ मध्ये आर्थर रॉथस्टाइन हा सरकारी फोटोग्राफर गावात आला. त्याचे फोटो सार्वजनिक आहेत, जरूर शोधून पाहा. ओंडक्यांची घरं, आणि आतल्या भिंतींवर चिकटवलेले वर्तमानपत्रांचे, मासिकांचे कागद. फटीतून वारा येऊ नये म्हणून. एका फोटोत जोरेना पेटवे नावाची बाई गोधडी शिवतेय आणि सोबत दोन मुली आहेत. थंडीशी दोन पातळ्यांवर लढाई चालली होती. भिंतीला कागद आणि अंगावर गोधडी. त्याच सुमारास सरकारने ती दहा हजार एकर जमीन विकत घेतली आणि पुढच्या काही वर्षांत कमी व्याजाच्या कर्जावर तिथल्याच कुटुंबांना विकली. त्यामुळे दक्षिणेतली इतर खेडी ओस पडली तरी जीज बेंडचे लोक टिकून राहिले, आणि आईकडून मुलीकडे जाणारी शिवणकामाची रीतही टिकली.

आता थोडं तंत्राविषयी. आपली गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यावर धावदोरा. अमेरिकन क्विल्टला तीन थर असतात. वरचा तुकडे जोडून केलेला, मधे कापूस आणि खाली अस्तर. वरचा थर साधारणपणे चौकोनी 'ब्लॉक' जोडून होतो. जीज बेंडमध्ये या थराला कच्चा माल काय? झिजलेल्या डेनिमच्या पँटी, शर्टांच्या शेपट्या, फ्रॉकचे घेर, पीठ आणि खत यायचं ती सुती पोती. मधला कापूसही जिनिंगच्या जमिनीवरून झाडून आणलेला आणि काठीने झोडपून साफ केलेला.

अशा मालातून सगळ्यात सोयीचा आकार कोणता निघतो? पट्टी! पँटचा पाय उसवला की लांब पट्टी मिळते. बाही उसवली की आखूड पट्टी. म्हणून तिथल्या बायकांच्या आवडत्या रचना पट्टीवरच उभ्या आहेत. सगळ्यात सोपी 'लेझी गॅल', म्हणजे आळशी पोरीची गोधडी. उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी, बस्स. आणि सगळ्यात लाडकी 'हाउसटॉप', घराचं छप्पर. मधे एक तुकडा ठेवायचा. त्याच्या एका बाजूला पट्टी जोडायची, उरलेली लांबी कापून टाकायची. मग दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या, चौथ्या. एक फेरा झाला की पुन्हा बाहेरून दुसरा. वरून कौलारू छपराकडे पाहावं तसे एकात एक चौकोन दिसतात.

माझ्यातल्या इंजिनियरला इथे मजा वाटली. या रचनेत मोजमाप लागतच नाही, कारण प्रत्येक पट्टीची लांबी आत्तापर्यंत झालेल्या कामाची कड ठरवते. कड वाकडी असेल तर पुढची पट्टी एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद कापायची. पट्टी आखूड पडली? तिला दुसऱ्या रंगाचा तुकडा जोडा. ब्लॉक लहान झाला? अजून एक पट्टी लावा. मोठा झाला? कापा, आणि कापलेला तुकडा पुढच्या ब्लॉकमध्ये घाला. संपूर्ण डिझाइन डॉक्युमेंट कुणाच्याच डोक्यात नाही, प्रत्येक निर्णय समोरच्या कडेपुरता. तरी शेवटी गोधडी सपाट पसरते! पसरावीच लागते, कारण फुगलेली गोधडी अंगाखाली टोचते. म्हणजे 'कसंही शिवा' असा प्रकार नाही हा. नियम थोडे आहेत पण पक्के आहेत.

ख्याल ऐकणाऱ्यांना हे पटकन कळेल. बंदिश सगळ्यांना माहीत असते, दोन ओळींची. मैफल रंगते ती त्यापुढच्या बढतीवर. हाउसटॉप ही बंदिश आहे. गावातली प्रत्येक बाई ती शिवते आणि तरीही दोन बायकांचे हाउसटॉप सारखे नसतात. दोन गोधड्या सारख्या दिसल्या तर तिथे ते कौतुकाचं मानत नाहीत.

एक गोधडी मला फार लागली. १९४२ ची. मिझूरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा वारला. तिने त्याचे शेतात घालायचे कपडे गोळा केले, किशोरवयीन मुलीला, आर्लोन्झियाला, मदतीला घेतलं आणि त्यांची एक गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून त्याच्या मायेची ऊब मिळावी म्हणून. हे आर्लोन्झियाने म्हातारपणी सांगितलेलं आहे. निळ्या-करड्या पट्ट्या, विटलेल्या. अशा कामाच्या कपड्यांच्या गोधड्यांमध्ये एक गोष्ट दिसते. खिसा किंवा ठिगळ काढून टाकलं की त्याखालचं कापड गडद राहिलेलं असतं, कारण त्याला ऊन लागलेलं नसतं. गुडघ्याचा भाग उलट पांढुरका. रंगांच्या छटा इथे रंगाऱ्याने दिलेल्या नाहीत. एका माणसाने वर्षानुवर्षं उन्हात केलेल्या कामाने दिल्यात.

आता साठच्या दशकात येऊ. विलकॉक्स काउंटीत कृष्णवर्णीय बहुसंख्य, पण १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांच्यापैकी एकाचंही नाव नाही. जीज बेंडचे लोक नोंदणीसाठी नदीपलीकडे कॅम्डनला, म्हणजे काउंटीच्या मुख्य गावी, जायला लागले. नदीतून ते गाव अगदी समोर. १९६२ मध्ये फेरीबोटच बंद करण्यात आली. मग रस्त्याने सुमारे ४० मैल, आणि गाड्या कुणाकडे होत्या? फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग भर पावसात गावात आले, चर्चमध्ये बोलले. लोक नोंदणीला गेले आणि त्यापायी कित्येकांनी कामं आणि घरं गमावली. बंद झालेली ती बोट पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. चव्वेचाळीस वर्षं!

या धामधुमीत फ्रान्सिस वॉल्टर नावाचे एक पाद्री त्या भागात फिरत होते. एका घराबाहेर दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या त्यांनी पाहिल्या आणि कल्पना सुचली. या विकून रोजगार गेलेल्या कुटुंबांना पैसे का मिळू नयेत? गोधडीमागे १० डॉलर देऊन त्यांनी त्या गोळा केल्या आणि १९६६ मध्ये न्यू यॉर्कला लिलाव केला. त्यातून 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. एस्टेल विदरस्पून यांनी ती वर्षानुवर्षं चालवली. ब्लूमिंगडेल्ससारख्या बड्या दुकानांची गिऱ्हाइकी मिळाली.

आणि इथे पेच आला. दुकानाला कॅटलॉगमध्ये एक फोटो छापायचा असतो आणि येणारा प्रत्येक नग त्या फोटोसारखा हवा असतो. टाके मोजून, कोपरे जुळवून, ठरलेल्या रंगात. म्हणजे ज्या बायका 'माझी माझ्यासारखी' म्हणत शिवायच्या, त्यांना साचा पाळावा लागला. त्यांनी पाळला, उत्तम पाळला. काहींना ते जमलं नाही किंवा नको होतं, त्या बाहेर राहिल्या. १९७२ मध्ये सिअर्स कंपनीचं उशांच्या अभ्र्यांचं कंत्राट आलं, कॉर्डरॉय कापडाचं. सोनेरी पिवळा, अॅव्होकाडो हिरवा, लाल, तपकिरी असे सत्तरीतले टिपिकल रंग. अभ्रे कापून उरलेल्या लांब पट्ट्या बायका घरी न्यायच्या. कॉर्डरॉय जाड, त्याचे बारीक तुकडे जोडणं कटकटीचं. म्हणून रुंद पट्ट्या, मोठे चौकोन. दिवसा सिअर्ससाठी एकसारखे अभ्रे आणि रात्री घरी त्याच कापडाचे मोकळे हाउसटॉप. गावातल्या सगळ्यात देखण्या गोधड्यांपैकी कितीतरी या उरलेल्या कॉर्डरॉयच्या आहेत.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण या गोधड्यांवर एक ठरलेली प्रतिक्रिया असते: "बिचाऱ्या गरीब होत्या, जे मिळालं ते जोडलं, नकळत कला झाली." मला हे मुळीच पटत नाही. कापड कुठून आलं हे गरिबी सांगते. पण लाल पट्टी डावीकडेच का, आणि तिसऱ्या फेऱ्याला अचानक पांढरी का, हे गरिबी सांगत नाही. साचा पाळून शिवणं या बायकांना येत होतं, याचा पुरावा दुकानांच्या कॅटलॉगांमध्ये आहे. घरी त्यांनी तो पाळला नाही. म्हणजे ती निवड होती. नकळत काही झालेलं नाही.

दुसरी ठरलेली प्रतिक्रिया म्हणजे "हे आफ्रिकेतून आलंय." पश्चिम आफ्रिकेत अरुंद पट्ट्या विणून त्या एकमेकींना जोडून वस्त्र करतात, घानाचं केंटे प्रसिद्ध आहे. रॉबर्ट फॅरिस थॉम्पसनसारख्या अभ्यासकांनी हे साम्य दाखवलं. एली लिऑन या संग्राहकाने १९८७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या गोधड्यांतल्या उत्स्फूर्ततेवरच प्रदर्शन भरवलं. पण क्युएस्टा बेनबेरी या गोधड्यांच्या इतिहासकार बाईंनी, त्या स्वतः कृष्णवर्णीय, याला चांगला चिमटा काढला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या कितीतरी बायकांनी काटेकोर, मोजूनमापून गोधड्या शिवल्यात, त्यांना तुम्ही यादीतून वगळता आणि उरलेल्यांना 'अस्सल' म्हणता. सँपलिंग बायस म्हणतात तो हाच.

जीज बेंड जगाला दिसलं तेही एका माणसाच्या निवडीतून. अटलांटाचा संग्राहक विल्यम आर्नेट. त्याने एका पुस्तकात अॅनी मे यंग या बाईच्या गोधडीचा फोटो पाहिला. डेनिमच्या कपड्यांच्या मधोमध भडक रंगाच्या पट्ट्यांचा चौकोन, १९७६ ची. शोधत शोधत तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी गावात पोचला. तोवर तिथे जुन्या गोधड्या डास पळवायला जाळल्याही जात होत्या. आर्नेटने शेकड्यांनी विकत घेतल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनला प्रदर्शन झालं, मग न्यू यॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये. न्यू यॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने अमेरिकेतल्या आधुनिक कलेतला चमत्कार अशा अर्थाचं लिहिलं. बसमधून आलेल्या म्हाताऱ्या बायकांनी आपली पांघरुणं पांढऱ्या भिंतींवर टांगलेली पाहिली. २००६ मध्ये दहा गोधड्यांची टपाल तिकिटं निघाली.

आणि मग पैशांचा प्रश्न. भिंतीवरच्या गोधडीचं डिझाइन गालिच्यावर, चादरीवर, कपांवर छापलं जातं तेव्हा त्याचे हक्क कुणाचे? २००७ मध्ये अॅनी मे यंग, लोरेटा पेटवे आणि आणखी एक जण कोर्टात गेल्या. आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही, असं त्यांचं म्हणणं. आर्नेट कुटुंबाने ते नाकारलं. २००८ मध्ये खटले मिटले, अटी गुप्त. आर्नेट वाईट की चांगला, यावर मी निकाल देणार नाही. तो गेला नसता तर कदाचित या गोधड्या धुरात गेल्या असत्या, हे खरं. आणि ज्यांनी शिवल्या त्यांच्यातल्या काहींना योग्य मोबदला मिळाला नाही असं वाटलं, हेही खरं. आपण ओपन सोर्स लायसन्सवर तासन्तास वाद घालणारी माणसं. हाउसटॉपचा लेखक कोण, या प्रश्नावरही थोडं डोकं चालवायला हरकत नाही. रचना गावाची, पण 'ही' गोधडी एका बाईची, नावानिशी.

पुढे परिस्थिती थोडी सुधारली. २०१५ मध्ये मेरी ली बेंडॉल्फ, लूसी मिंगो आणि लोरेटा पेटवे यांना लोककलेसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. 'फ्रीडम क्विल्टिंग बी' २०१२ मध्ये बंद पडली, पण २०२१ पासून गावातल्या बायकांनी एट्सीवर स्वतःची दुकानं उघडली. किंमत ठरवणाऱ्या त्या, नाव त्यांचं. २०२४ मध्ये टार्गेट या साखळी दुकानांसाठी पाच जणींनी डिझाइन्स दिली, तेव्हा विक्रीतला वाटा न देता ठरावीक रक्कम दिल्यावरून पुन्हा चर्चा झालीच. जुनाच प्रश्न, नवीन दुकान.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लांब कशाला जायचं? तर मंडळी, जवळही एक गोष्ट आहे. उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर, हल्याळ भागात सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी जे पळून घाटावरच्या जंगलात गेले, त्यांचे बरेचसे वंशज. त्यांच्या बायका 'कवंडी' शिवतात. जुन्या साडीच्या अस्तरावर रंगीत तुकडे ठेवत, धावदोऱ्याने जोडणं आणि गोधडी भरणं एकाच वेळी. गंमत अशी की हाउसटॉप मधून बाहेर वाढतो आणि कवंडी एका कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने आत येते. चारही कोपऱ्यांना घडी घातलेली कापडाची 'फुलं' लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. हेन्री ड्रुअल या अमेरिकन कला-इतिहासकाराच्या मदतीने २००४ मध्ये त्यांचीही सहकारी संस्था सुरू झाली. अलाबामा आणि यल्लापूर यांच्यात कुठला धागा आहे असा दावा मी करणार नाही. पण दोन्हीकडे गुलामीतून आलेल्या माणसांच्या लेकी-सुनांनी, हाताशी असलेल्या जुन्या कपड्यांतून, साचा न वापरता शिवलं, आणि दोन्हीकडे बाहेरचा कुणी पाहुणा येईपर्यंत त्याला 'कला' हे नाव नव्हतं.

आमच्या सहकारिणीच्या क्लासचं काय, तर मी आता तिला हसत नाही. फूटपट्टी बाजूला ठेवायला खरंच शिकावं लागतं. फक्त तिला एवढं विचारलं की क्लासमध्ये जीज बेंडचं नाव घेतात का. घेतात म्हणाली. बरं वाटलं.

जाता जाता एक काम सांगतो. तुमच्या घरी माळ्यावर किंवा गावच्या ट्रंकेत एखादी गोधडी असेलच. ती कुणी शिवली, अंदाजे कुठल्या साली, त्यात कुणाचं लुगडं आणि कुणाचं धोतर आहे, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. मग कापडाच्या एका लहान पट्टीवर ते सगळं लिहा आणि गोधडीच्या मागे चार टाके घालून लावून टाका. शाई पक्की वापरा, नाहीतर पहिल्याच धुण्यात जाईल. दहा मिनिटांचं काम आहे, आणि सांगणारी माणसं आहेत तोवरच होण्यासारखं.

असो. सोमवार जवळ आला, थांबतो.